तळाच्या ओळीतले नाव

1867 चा मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायदा 1 मार्च 2024 पासून उरला नाही. त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला, अर्ज ऑनलाइन झाले, दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहून डिक्लेरेशन करण्याची रीत संपली. आमच्यासारख्या छापखानेवाल्या घरांना हा जुना कायदा तोंडपाठ होता. वकिली कोणाचीच नव्हती. पण त्यातले तिसरे कलम रोज मशीनवर चढत असे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर, प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचे नाव आणि ठिकाण, प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव आणि ठिकाण, वाचता येईल अशा अक्षरात.

साताऱ्यात आमचा छापखाना होता. सोसायट्यांचे अहवाल, पावतीपुस्तके, लग्नपत्रिका, मधली काही वर्षे एक साप्ताहिक. ट्रेडलवर फर्मा चढण्याआधी वडील शेवटचे प्रूफ स्वतः पाहत आणि त्यांचे बोट आधी तळाच्या ओळीवर जाई. बातमीतला काना राहिला तर पुढच्या अंकात चूकदुरुस्ती देता येते, ती ओळ राहिली तर गुन्हा होतो, हे त्यांनी आम्हा भावंडांना फार लहानपणी सांगितले होते. निवडणुकीच्या दिवसांत ते जास्तच कडक होत. उमेदवाराचा माणूस कितीही घाईत असो, पत्रक कोण प्रसिद्ध करतो याचे सही केलेले निवेदन हातात आल्याशिवाय ते खिळे जुळवायला घेऊ देत नसत. निवडणूक कायद्यातली ही अट आजही आहे.

ही ओळ सरकारला कशासाठी हवी होती, हे लपवण्यासारखे नाही. 1835 मध्ये हंगामी गव्हर्नर-जनरल मेटकाफ यांनी छापण्याआधी परवाना घेण्याची अट काढली आणि तिच्या जागी नावाची अट आणली. छापा, पण कोणी छापले ते आम्हाला कळू द्या, असा तो व्यवहार होता. 1867 च्या कायद्याने तो पक्का केला. त्यातले सातवे कलम सर्वांत धारदार: डिक्लेरेशनची प्रमाणित प्रत कोर्टात ठेवली की हाच मुद्रक, हाच प्रकाशक असे धरले जाई. उलट सिद्ध करायचे असेल तर ते त्या माणसाने करावे.

त्या नावामुळे तुरुंग कसा दिसतो, हे मराठी संपादकांना फार लवकर कळले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ 1881 च्या जानेवारीत सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी टिळक व आगरकर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर त्यांनी आरोप छापले होते. आरोपांमागे पत्रे होती. ती खरी असल्याचे कोर्टात ठरवता आले नाही. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून 101 दिवसांनी सुटका झाली. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. आपल्याकडे या प्रकरणाची आठवण काढली जाते ती सुटकेनंतरच्या सत्काराची. मला त्यातली पत्रे जास्त महत्त्वाची वाटतात. हेतू शुद्ध होता, कोल्हापूरच्या छत्रपतींच्या हालांबद्दलची कळकळ खरी होती, आणि तरीही हातातला कागद टिकला नाही. आज मोबाइलवर आलेला स्क्रीनशॉट जसाच्या तसा पुढे वाचून दाखवणाऱ्याने 1882 चा हा खटला आधी वाचावा.

टिळकांवरच्या 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे छापखानेवाल्यांखेरीज कोणाचे फारसे लक्ष जात नाही. टिळकांच्या शेजारी आरोपी म्हणून केशव महादेव बाळ उभे होते. ते ‘केसरी’चे मुद्रक. खटल्यातल्या मजकुरात शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. ती टिळकांनी लिहिलेली नव्हती, आणि कवीच्या नावाच्या जागी भवानी तलवारीची खूण होती. कवीचे नाव टिळकांनी पुढे केले नाही. न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे नऊ ज्युरर बसले. सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी धरले, तिघा हिंदी ज्युररांनी निर्दोष. टिळकांना 18 महिने सक्तमजुरी झाली, बाळ सुटले. लिहिणारा पडद्याआड, छापणारा मोकळा, आणि मधला संपादक आत. 1908 मध्ये पुन्हा खटला झाला, ज्युरीत सात विरुद्ध दोन असे मत पडले आणि सहा वर्षे मंडाले. संपादक हा शब्द आपल्याकडे आदराने उच्चारला जातो, त्याचे मूळ मला या जागी दिसते: दुसऱ्याच्या मजकुराखाली त्याने आपले नाव ठेवले होते. गंमत अशी नव्हे, दुःख असे की प्रत्येक अंकावर संपादकाचे नाव छापण्याची सक्ती कायद्याने 1922 मध्ये केली. टिळकांची तोवर तीनदा शिक्षा भोगून झाली होती.

मधली वर्षे मी भराभर ओलांडतो. 1878 चा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांपुरता कायदा थोडी वर्षे टिकला. 1910 च्या कायद्याने छापखान्यांकडून जामीन रकमा घेतल्या. स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये रोमेश थापर यांनी मुंबईतून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकावरच्या मद्रास सरकारच्या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात निकाल मिळवला. नाव छापण्याची पद्धत या सगळ्यातून तशीच चालत आली.

मग इंटरनेट आले, आणि ही ओळच नसलेली प्रसिद्धी सुरू झाली.

11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. जखमी कुठल्या रुग्णालयात आहेत, रक्त कुठे हवे आहे, ही माहिती काही ब्लॉगवरून लोकांपर्यंत पोचत होती. थोड्याच दिवसांत सरकारने मोजकी पाने बंद करण्याचा आदेश काढला. इंटरनेट कंपन्यांना एकेक पान वेगळे काढता आले नाही आणि त्यांनी ब्लॉगस्पॉटसारखी अख्खी दालनेच बंद केली. एका अंकावर बंदी आणायची म्हणून शहरातले सगळे छापखाने कुलूपबंद करावेत, तसे ते झाले. जुन्या कायद्यात निदान कोणाला पकडायचे ते ठाऊक होते. इथे नाव सापडत नव्हते, म्हणून जागा बंद झाली.

नाव सापडले तेव्हाही बरे झाले नाही. केरळमधल्या एका विद्यार्थ्याने शिवसेनेविरुद्ध ऑर्कुटवर गट काढला होता. त्यात लिहिल्या गेलेल्या मजकुरावरून ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तो रद्द करण्यास 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मजकूर जिथे वाचला जातो तिथे तक्रार होऊ शकते, हे त्या मुलाला घरापासून इतक्या दूर शिकावे लागले. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबई बंदबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या फक्त पसंत केल्या होत्या. दीडशे वर्षांच्या आपल्या मुद्रणकायद्यात, वाचून मान डोलावणाऱ्याला आरोपी करणारे कलम मला सापडत नाही. त्या अटकेतले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66-अ कलम 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

त्याच निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 79 वे कलम मंच पुरवणाऱ्या कंपन्यांना संरक्षण देते; न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर काढला नाही तर ते जाते. केशव महादेव बाळांना ज्युरीने जे दिले, ते आता कंपन्यांना कायद्याने दिले आहे. तत्त्व मला मान्य आहे. फरक एवढाच की बाळ हे पुण्यातले एक साधे गृहस्थ होते, आणि आजचा मुद्रक त्याच्याकडे छापायला येणाऱ्यापेक्षा हजारपट बलवान आहे.

माझी नात पुण्यात मैत्रिणीबरोबर पॉडकास्ट करते. शहराचे पाणी, नाले, कचऱ्याचे ठेके. संहिता तीच लिहिते, आवाज तिचा, काटछाट मैत्रीण करते आणि रात्री भाग चढवतात. तिने मला विचारले, ‘आजोबा, आमच्यावर नेमका कोणता कायदा चालतो?’ मी तिला सांगितले की लेखक, संपादक आणि प्रकाशक असे तिघे जे ओझे वाटून घेत, ते तुम्हा दोघींवर आहे. नवा नियतकालिक कायदा तुम्हाला लागू होत नाही. 2021 चे डिजिटल नियम बातमीच्या प्रकाशकाला तक्रार अधिकारी नेमायला, त्याचे नाव-पत्ता दाखवायला आणि तक्रार 15 दिवसांत निकाली काढायला सांगतात. पद्धतशीर व्यवसाय म्हणून न करणाऱ्या व्यक्तीला त्यातून वगळले आहे. प्रायोजक घेतलात की तुम्ही कुठल्या बाजूला, हा प्रश्न उभा राहील. त्याच नियमांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्थगिती दिली, तीही निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ यांच्या याचिकांवर. सरकारबद्दलची माहिती खरी की खोटी हे सरकारी कक्षाने ठरवण्याचा 2023 चा नियमही याच न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केला.

बदनामी मात्र फौजदारी गुन्हा राहिलीच आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकवली आणि आता ती भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात आहे: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. आरोप खरा असून भागत नाही, तो लोकहितासाठी केला हेही दाखवावे लागते. हे मला जाचक वाटते. ठेकेदाराला एक नोटीस पाठवायला जेवढा खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट या मुलींना उत्तर द्यायला येईल.

दिवाळीच्या भागात तिला अभिवाचन करायचे होते. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचे साहित्य 2011 पासून खुले आहे. खांडेकर 1976 मध्ये गेले, त्यांच्यासाठी 2036 संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल. पुलंसाठी 2060 संपेपर्यंत. तिने गुरुजी निवडले.

आता प्रत्येक भागाच्या शेवटी दोघी आपली पूर्ण नावे, गाव आणि तक्रारीचा ईमेल सांगतात. मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवतात. गेल्या महिन्यात कचऱ्याच्या एका ठेक्याबद्दल त्यांच्याकडे मोबाइलवर एक कागद आला. सही होती, शिक्का होता, आकडे धक्का देणारे होते. मैत्रीण त्याच रात्री भाग करायला तयार होती. नातीने तिला कोल्हापूर प्रकरणातल्या पत्रांची हकीकत सांगितली. दोघींनी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. ठरावाची प्रमाणित प्रत हातात आली की भाग होईल.