झोळीतली आडवी काठी

मंडळी, परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. "आबा, मित्रांबरोबर भंडारदऱ्याला चाललोय. तंबू नको, हॅमॉक घेतोय. कुठला घेऊ?"

आता घोडेगावात बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मास्तराला हा प्रश्न! कांद्याचा भाव विचारा, बाजारातल्या म्हशीचे दात बघून वय विचारा, एक वेळ सांगू. पण त्याने फोटो पाठवले आणि मी चष्मा पुसून बघतच राहिलो. हॅमॉक म्हणजे शेवटी झोळीच. त्यातल्या एका प्रकाराला 'ब्रिज हॅमॉक' म्हणतात. त्याच्या डोक्याकडे एक आणि पायाकडे एक अशा दोन आडव्या काठ्या. ही काठी मी पूर्वी पाहिली होती, आमच्याच शिवारात.

ते सांगतोच, पण आधी थोडा इतिहास. (मास्तरकीची खोड, जात नाही!)

कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर उतरला तेव्हा तिथले ताइनो लोक सुती जाळ्यांच्या झोळ्यांत झोपत. त्यांचा 'हमाका' हा शब्द स्पॅनिश भाषेत गेला आणि तिथून इंग्रजीत 'हॅमॉक' झाला. जहाजावर तर ही झोळी वरदानच ठरली. जहाज हेलकावलं तरी झोळी आपली जागच्या जागी लोंबते, माणूस पडत नाही. इंग्रजी आरमाराने १५९७ मध्ये तिला मान्यता दिली. पुढे त्यांच्या युद्धनौकांवर एकेका खलाशाच्या वाट्याला झोळी टांगायला जेमतेम १४ इंच रुंदीची जागा येई. कापड अंगावर मिटू नये म्हणून खलाशी डोक्याकडच्या दोऱ्यांत एक लाकडी काठी अडकवत.

हे मी पुस्तकात वाचलं ते फार उशिरा. काठीचं कारण मला त्याआधीच कळलं होतं, ते सात-आठ वर्षांच्या एका मुलीकडून.

१९८४ चा हिवाळा असेल. आमच्या भागात सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर असे दोन सहकारी साखर कारखाने. दसरा झाला की बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत. उसाच्या फडाजवळून जाताना बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी दिसली. दोन दोऱ्यांच्या मधे आडवी काठी, आणि झोका द्यायला ही पोर. आईबाप फडात.

मी सहज विचारलं, "काठी कशाला गं?"

"गुर्जी, काठी नसली तर कापड मिटतंय. बाळाला वारं लागत न्हाई."

इतकं सोपं उत्तर माझ्या वर्गात कुणी दिलं नसतं. मी म्हणालो, "शाळेत ये." ती म्हणाली, "मंग झोका कोण दिईल?"

तरी ती आली. चार दिवस आली, भावाला कडेवर घेऊन. पाचव्या दिवशी ते बाळ फार रडलं, वर्गात हसाहशी झाली, आणि मी चिडून म्हणालो, "उद्या त्याला घरी ठेवून ये." घर म्हणजे उसाच्या पाचटाची कोपी, आणि तिथे त्याला बघायला कोण होतं? ती परत आली नाही. शाळेच्या एका कोपऱ्यात झोळी बांधता आली असती, हे मला तेव्हा सुचलं नाही. वर्गात लिंबाचं झाड नसेल, पण आढं होतं. १९९० च्या दशकात साखरशाळा निघाल्या तेव्हा मला पहिली आठवण तिचीच झाली.

असो. नातवाला उत्तर द्यायचं राहिलं होतं.

साध्या हॅमॉकची दोन्ही टोकं चुण्या घालून एकत्र बांधलेली असतात. त्यात सरळ झोपलं की पाठ केळ्यासारखी वाकते. म्हणून मेक्सिकोकडची माणसं त्यात तिरकी झोपतात. ब्रिज हॅमॉकमध्ये काठ्या कापड उघडं धरतात आणि लांब कडा आत गोलाई देऊन कापलेल्या असतात. ऋषिकेशचा लक्ष्मण झुला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तिथे वरचा दोर झोक घेतो आणि खालची वाट सपाट राहते. तसंच हे. भार कडांवर जातो आणि पाठ बरीचशी सरळ राहते. कुशीवरही झोपता येतं. काठ्यांचं वजन पाठीवर वाहावं लागतं, एवढा एक तोटा.

मग मी त्याला सांगितलं: डोक्याकडची काठी पायाकडच्या काठीपेक्षा लांब असलेला घे, नाहीतर खांदे आवळतील. तुझी उंची आणि वजन त्याला चालतं का ते बघ. झाडाला बारीक दोरी नको, रुंद पट्टा घे, साल सोलली जाणार नाही. वाळलेल्या झाडाला बांधू नकोस. खुर्चीपेक्षा उंच टांगू नकोस. आणि खालून गार वारा लागतो, तेव्हा आजीची गोधडी अंथर. शक्य असेल तर घेण्याआधी पंधरा मिनिटं पडून बघ.

एक मात्र मुद्दाम सांगितलं. तू हौसेनं झोळीत झोपणार आहेस, झोप. पण सातपुड्यात, नंदुरबारकडे, रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून आणावं लागतं. वर्तमानपत्रं तिला 'बांबूलन्स' म्हणतात. त्या झोळीत कुणी हौसेनं बसत नाही.

"पण आबा, काठीवालाच का?" त्याने पुन्हा विचारलं.

मी म्हणालो, "काठी नसली तर कापड मिटतंय. वारं लागत न्हाई."

तो हसला. त्याला वाटलं, आबा गावाकडची बोली करून दाखवतायत. ती पोर आज पन्नाशीला आली असेल.