पोरे गाणे का शिकतात?

आमच्या कवठे महांकाळहून मिरज काही फार दूर नाही. पूर्वी बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी जाई, आता रुंद रुळांवरून मोठी जाते. तंबोरे घडविणाऱ्या या गावाच्या शेजारी राहूनही आमची मुले गाण्याच्या तासाला का टाळाटाळ करतात, हा प्रश्न शिक्षकमंडळींत नेहमी निघतो. मला तो उलटा विचारावासा वाटतो: जी शिकली, ती कशापायी शिकली?

विष्णु दिगंबर पलुस्करांचेच पाहा. 1872 साली कुरुंदवाडला जन्म, वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, पुस्तकी शिक्षण खुंटले, आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या दारी आला. कीर्तनाचे सूर कानांत होतेच. दुसऱ्या वाटा मिटल्या तेव्हा ही एक उरली. (दिवाळीचे दिवस आहेत, आयाबायांनी फटाक्याची एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी!)

नारायण राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांची तऱ्हा निराळी. 1905 साली मिरजेतच ते किर्लोस्कर मंडळीत शिरले, वय अवघे सतरा. रंगभूमीचे दिवे नि टाळ्या यांचे वेड त्या काळी पोरांना घरातून पळवून नेई. मुलगा गाऊ लागला, की तो वाया गेला असे घरची वडीलमाणसे धरून चालत.

ही भीती पलुस्करांनी पुष्कळ घालविली. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी, वेळापत्रक, स्वरलिपीची छापील पुस्तके, परीक्षा, सारे शाळेसारखे. सांगतात, आरंभी शिकायला कुणी फिरकेना, तेव्हा बुवा रिकाम्या वर्गात स्वतःच रियाज करीत बसत. पुढे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर असे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. 1931 साली बुवा वारले. त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापले. प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावे घरोघरी झाली ती त्या मंडळाच्या परीक्षांमुळे.

परीक्षेने गाणे सभ्य घरांत आणले, हे उपकार मोठेच. आता तर दहावीला शास्त्रीय कलांचे जादा गुणही मिळतात. त्यामुळे पेटीच्या क्लासला पोरांची बरी गर्दी असते. अर्ज बोर्डाकडे गेला, की बरीचशी मंडळी पेटीवर कापड घालून मोकळी होतात. त्यांना दोष का द्यावा? ज्यासाठी आली, ते पदरात पडले.

राहतात ती, माझ्या पाहण्यात, ज्यांच्यावाचून गावात कुणाचे तरी अडते अशी. हरिनाम सप्ताहात मध्यरात्री पखवाज्याचे हात भरून येतात. तो मागे पाहतो. तिथे टपून बसलेले नववीतले एखादे पोर पुढे सरकते. ठेका चुकला, तर म्हातारे टाळकरी डोळे वटारतात. बरोबर पडला, तर कुणी काही बोलत नाही, भजन चालू राहते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तेच पोर बाकावर बोटे बडवीत असते, आणि हळूच येऊन विचारते, "सर, संगीताच्या खोलीची किल्ली कुणाकडं असती?"