पट्टा त्यांचा, पट्टी आमची

मृग लागला की आमच्या जुन्या वस्तीतली माणसे माझ्याकडे येऊ लागतात. प्रत्येकाच्या काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद असतात. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो, ही माझी ओळख त्यांच्या लेखी दुय्यम आहे. त्यांच्या दृष्टीने मी सरकारी कागद वाचून त्याचा अर्थ सांगणारा माणूस आहे. आणि खरे सांगायचे तर मलाही हीच ओळख अधिक खरी वाटते. कारण माझ्या घराण्यात सरकारी कागद वाचता येणारा मी पहिलाच.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आलेली नोटीस नेहमीचीच होती. वस्ती सखल भागात आहे, भरती आणि पाऊस एकाच वेळी आल्यास जीवितास धोका आहे, तरी रहिवाशांनी सुरक्षित स्थळी जावे. ते सुरक्षित स्थळ कोठे, त्याचे भाडे कोणी भरायचे, ह्याविषयी नोटिशीत अवाक्षर नव्हते. नोटीस वाचून झाल्यावर बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका पोराने विचारले, "सर, अमेरिकेत सरकार पुरात बुडणारी घरं विकत घेतं म्हणे. मग आपली का घेत नाही?"

वर्गात असा प्रश्न आला असता तर मी दोन मिनिटांत उत्तर दिले असते. वस्तीत ते जमले नाही. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी अमेरिकेपासून निघून भाईंदरच्या खाडीवर, १८७० सालापर्यंत येऊन ठेपलो.

पोराने ऐकले होते ते खोटे नव्हते. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याने अमेरिकेत अशा खरेदीची वाट मोकळी झाली. १९९३ मध्ये मिसिसिपी-मिसुरी नद्यांना महापूर आला, तेव्हा केंद्र सरकारने खर्चाचा ७५ टक्के भार उचलला आणि हजारो घरे विकत घेतली. किंमत सामान्यतः पुरापूर्वीची धरतात. घर पाडतात आणि ती जमीन गावाच्या नावे होऊन कायमची मोकळी राहते. तिच्यावर पुन्हा घर, दुकान, कारखाना काहीही उभारता येत नाही. ह्या अखेरच्या अटीमुळेच तिथल्या नगरपालिका कुरकुरतात. घर गेले की घरावरचा कर गेला. कर गेला की शाळेचा, रस्त्याचा, दिव्याचा पैसा गेला. माणसाचा जीव वाचतो हे सर्वांना मान्य आहे, पण कराच्या वहीत खड्डा पडतो. म्हणून कित्येक गावे आपली बुडणारी घरे विकू द्यायला नाखूश असतात.

पण सगळीच गावे कराच्या हिशेबाने नकार देतात असे नाही. उत्तर कॅरोलायना राज्यात टार नदीच्या काठी प्रिन्सव्हिल नावाचे छोटे गाव आहे. १८६५ मध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी ते वसवले आणि १८८५ मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. काळ्यांनी वसवून असा दर्जा मिळवलेले अमेरिकेतले ते सर्वांत जुने गाव मानले जाते. त्यांना तेथे राहू दिले, कारण ती पाणथळ जमीन गोऱ्यांना नकोच होती. १९९९ मध्ये फ्लॉइड वादळाने अख्खे गाव बुडवले. सरकार घरे विकत घ्यायला तयार झाले, तेव्हा गावाच्या मंडळाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते नाकारले आणि बांध दुरुस्त करून मागितला. २०१६ मध्ये मॅथ्यू वादळात गाव पुन्हा बुडाले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा आपल्या पोरांनी नाव उचलले होते ते काळ्या पँथरांचे. त्या नात्याने विचारावेसे वाटते: त्या तिघांचे चुकले काय? मला आजही ठाम उत्तर देता येत नाही. गावकुसाबाहेरची, ओढ्याच्या अंगाची, कोणालाच नको असलेली जागा आपल्या वाट्याला आली, आणि मग तिच्यावरच आपण बुद्धविहार बांधला, बाबासाहेबांची जयंती केली, मुलींची लग्ने लावली. ती जागा सोडा म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी त्याला आधी एवढा हिशेब द्यावा लागेल.

आता आपल्या खाडीकडे वळू. साष्टीच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीच्या अलीकडे, घोडबंदर, मिरे, भाईंदर ही गावे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरले की भाताचे खाचर काही वर्षांसाठी मेले म्हणून समजावे. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने येथील जमीन रामचंद्र लक्ष्मणजी ह्या गृहस्थांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनी बांध घालावेत, आणि त्याबदल्यात कसणाऱ्यांकडून पिकाचा हिस्सा घ्यावा, असा तो व्यवहार होता. हा पट्टा २८६९ साली संपायचा! सरकारला पाणी अडवण्याचा खर्च नको होता, म्हणून सरकारने वसुलीचा हक्कच दुसऱ्याला देऊन टाकला. बांधासाठी चिखल वाहणाऱ्या बायाबापड्यांची नावे माझ्या पाहण्यात आलेल्या कोणत्याही कागदात नाहीत. पट्टेदाराचे नाव मात्र प्रत्येक कागदात आहे.

पुढे हे हक्क एका खासगी इस्टेट कंपनीकडे गेले. १९५१ च्या साष्टी इस्टेट्स कायद्याने जुन्या इस्टेटींची महसूलमाफी रद्द केली. त्याआधी १९४८ मध्ये खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा होऊन बांधांच्या कामात सरकार उतरले होते. एवढे होऊनही जुन्या पट्ट्यातून आलेल्या दाव्यांचा घोळ मिटला नाही, आणि ना-हरकत दाखल्यासाठी कंपनीला पैसे मोजण्याचा वाद एकविसाव्या शतकातही गाजत राहिला. जिथे एके काळी भात पिके तिथे इमारती उभ्या राहिल्या. पाणी अडवण्याच्या नावाने सुरू झालेली वसुली बांध नाहीसा झाल्यावरही चालू राहू शकते, हा धडा मला इतिहासाच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात मिळाला नव्हता.

१९८५ मध्ये ग्रामपंचायती जाऊन मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००१ मध्ये ५,२०,३८८ झाली आणि २०११ मध्ये ८,०९,३७८. मुंबईत घर न परवडणारा चाकरमानी लोकलच्या पुढच्या स्थानकावर उतरला. त्याच्यासाठी इमारती बांधायला माझ्या वडिलांसारखे बिगारी आले. इमारतींसाठी भराव हवा. खाचरे, पाणथळ जागा, मिठागरांच्या कडा भरल्या गेल्या. पूर्वी भरतीचे पाणी जिथे पसरून निवांत बसे, तिथे आता जोते उभे राहिले. पाणी मग सखल उरलेल्या जागी जाणार, आणि सखल उरलेल्या जागी कोण राहते हे सांगायला नको. मी स्वतः आज अशाच भरावावरच्या इमारतीत कर्जाने घेतलेल्या सदनिकेत राहतो. आमच्या सोसायटीच्या सभेत "आपण कर भरायचा आणि सोयी झोपडपट्टीला" असे कोणी म्हणाले की मी उभा राहून बोलतो; पण आमच्या जोत्याने ढकललेले पाणी माझ्याच मावशीच्या घरात शिरते, हे मला माहीत असते आणि माझा आवाज थोडा खाली येतो.

महापालिकेच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातल्या शहरांची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला. राज्याकडून भरपाई मिळते खरी, पण स्वतःच्या हाताने वसूल करता येणारे मोठे उत्पन्न म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर. तेव्हा करपात्र घर ही पालिकेच्या दृष्टीने दुभती म्हैस. पण वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीचा कर तो केवढा! ती खोली गेल्याने पालिकेच्या वहीत खड्डा पडत नाही. उलट खोली जाऊन त्या जागी मनोरा आला तर वही फुगतेच. अमेरिकेतल्या गावाला घर गमावण्याची चिंता असते ती जमीन कायमची मोकळी ठेवण्याच्या अटीमुळे. तशी अट नसेल, तर 'पुरापासून सुटका' आणि 'जागा रिकामी करणे' ह्यांत काय अंतर उरते? घर विकत घ्या अशी मागणी करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही अट पहिल्या ओळीत लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती नसेल तर आपण आपल्याच हाताने बिल्डरला सातबारा लिहून देऊ.

आणि विकत घ्यायचे तर कोणाकडून? इथे प्रश्न कागदाचा येतो. आमच्याकडे मालकीचा कागद नव्हता. होती ती घरपट्टीची पावती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६७-अ मोठे बोलके आहे. बेकायदा बांधकामावर करासोबत दंडही लावता येतो, आणि तो वसूल केल्याने बांधकाम नियमित झाले असे समजू नये, हेही तेच कलम सांगते. म्हणजे कर घेण्यापुरते घर आहे, हक्क देण्यापुरते नाही. आमच्या आजोबाला गावात नेमके असेच वागवले जाई: कामाला हाक, आणि पाण्यावर बंदी.

तरीही ह्याच पावतीला आमच्या वस्तीत सोन्याची किंमत आली, कारण झोपडीधारकाची पात्रता तारखेवर ठरू लागली. आधी १ जानेवारी १९९५, पुढे १ जानेवारी २०००. त्या तारखेआधी तुम्ही तिथे होता हे पावती सांगे. शिवाय खाडीकाठाला १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू झाले होते आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. खारफुटी वाचलीच पाहिजे. तीच पाण्याचा पहिला मार खाते. पण दोन्ही नियमांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला तिथे घर दुरुस्त करता येत नाही, आणि तिथून उठला तर किंमतही मिळत नाही.

सरकारने बुडालेल्यांना कधी जागा दिलीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला, तेव्हा गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. ते मोठे काम होते. मात्र तिथेही जमीन भाडेपट्ट्याने होती आणि मालकीसाठी पूरग्रस्तांच्या संस्थांना पुढे अनेक दशके हेलपाटे घालावे लागले. घराची किंमत देऊन माणसाला मोकळे करण्याऐवजी त्याला दुसऱ्या पट्ट्यात बांधायचे, ही आपली रीत. आणि अलीकडचे पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतली मुलुंड-कांजूर-भांडुप भागातली सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन घरांसाठी घेण्याचा निर्णय केला. कोणासाठी? धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांसाठी. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी मिठागरात जावे. आम्ही जिथून बाहेर पडायची धडपड करतो, तिथे दुसऱ्या कोणाची तरी बस भरली जात आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात केंद्र सरकारात श्रममंत्री होते. दामोदर आणि ओरिसातल्या नद्यांच्या पुरांचा प्रश्न त्यांच्याकडे आला, तेव्हा पुराचे पाणी म्हणजे केवळ लोटून द्यायची आपत्ती, हा विचारच त्यांनी नाकारला. पाणी ही संपत्ती आहे आणि तिचे नियोजन करायचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. आपण पाण्याच्या संदर्भात त्यांचे महाड नेहमी आठवतो. त्यांचे हे दुसरे पाणी विद्यार्थ्यांनी वाचले पाहिजे.

त्या पोराला मी अखेर काय सांगितले? विक्री मागा, पण तीन गोष्टींवर अडून राहा: पावत्यांची सारी वर्षे किमतीत धरा, जागा मोकळीच राहील असे लिहून द्या, आणि नवे घर पट्ट्याने नको, मालकीने द्या. तो म्हणाला, "सर, हे कुणी देणार नाही." मी म्हटले, "पावतीसुद्धा कुणी आपणहून दिली नव्हती."

ती कशी मिळाली नि कशी राखली हे मी पाहिले आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मी सोळा वर्षांचा होतो. संध्याकाळी खाडीचे पाणी आमच्या उंबऱ्यावर आले, रात्री गुडघ्याला, मग कंबरेला. मी भांडी फळीवर चढवत होतो. आई ओरडली, "भांडी ऱ्हाऊ दे, पेटी उचल!" पत्र्याच्या त्या पेटीत शिधापत्रिका, माझी दहावीची गुणपत्रिका आणि घरपट्टीच्या पावत्या होत्या. पेटी डोक्यावर घेऊन आम्ही रेल्वेच्या भरावाकडे निघालो. सकाळी परत आलो तर मागची भिंत आडवी झाली होती नि छपराचे पत्रे चिखलात होते. पावत्या ओल्या झाल्या होत्या. आईने त्या दोरीवर वाळत घातल्या, धुण्यासारख्या. १९९४ ची पावती सुटीसुटी झाली, तिच्यावरचा आकडा पुसला गेला. पुढे पाहणीला आलेल्या एका कारकुनाने ती उजेडात धरून पाहिली आणि परत केली. "हिच्यावर काही दिसत नाही," म्हणाला.

तीन वर्षे आम्ही नातेवाइकाच्या खोलीत राहिलो. जागेवर चार बांबू नि एक जोते एवढेच होते. पण मार्च आला की आई घरपट्टी भरायला रांगेत उभी राही. नंबर कापला जाऊ नये, एवढीच तिची चिंता. तिसऱ्या वर्षी खिडकीतल्या माणसाने सहज विचारले, "घर आहे ना उभं?"

"उभं करायचं हाय," आई म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिले आणि पावती फाडून दिली.