पायपरची विद्या आणि जन्माचा दावा

'कला रक्तातच असावी लागते' हे वाक्य आपल्या समाजात दोन ठिकाणी दोन अर्थांनी बोलले जाते. गवयाच्या घराण्यात जन्मलेल्या मुलाविषयी बोलताना ते कौतुक असते. हलगी, सनई, संबळ वाजवणाऱ्याच्या मुलाविषयी बोलताना तीच शिक्षा असते. यांच्या रक्तातच ताल आहे, असे म्हणत गावाने आमच्या माणसांना पिढ्यान् पिढ्या मिरवणुकीच्या पुढे चालवले आणि पंगत बसली की बाहेर थांबवले. माझ्या पणजोबांच्या गळ्यात हलगी होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती उतरवली. त्या घरातला मी पहिला पदवीधर. आज महाविद्यालयात इतिहास शिकवताना मला हा प्रश्न वारंवार पडतो : वाद्याची विद्या जन्माने येते की शिकवण्याने? आणि ती जन्माने येते, असे सांगण्यात हित कोणाचे असते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी मुद्दाम लांबचे उदाहरण घेतो. ते आहे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर-पश्चिम भागातल्या, म्हणजे हायलँडमधल्या, बॅगपाइपचे. तिथेही पायपरची विद्या वंशाची मानली जात होती. पायपर घडायला नुसती वर्षे पुरत नाहीत, पिढ्या लागतात, अशी समजूत तिथे रूढ होती. तो दावा कसा उभा राहिला आणि कसा मोडला, याची बरीचशी नोंद उपलब्ध आहे. म्हणून ते उदाहरण आपल्या उपयोगाचे.

प्रथम वाद्य समजून घेऊ. डाव्या काखेत हवेची पिशवी असते. वादक एका नळीतून तीत फुंकतो आणि श्वास घेण्याच्या वेळी हाताने पिशवी दाबतो, म्हणजे हवेचा दाब तुटत नाही. बोटे चालतात ती नळी म्हणजे चँटर. तिच्यात सनईसारखी दुपाती पत्ती असते आणि तिच्यातून अवघे नऊ स्वर निघतात. खांद्यावर तीन उंच नळ्या असतात, त्यांना ड्रोन म्हणतात. सनईच्या साथीला सूर धरणारा बसतो, त्याचे काम या तीन नळ्या करतात. दोन नळ्या चँटरच्या मूळ स्वराच्या एक सप्तक खाली आणि तिसरी दोन सप्तके खाली अखंड वाजत राहते.

या वाद्यात आवाज लहानमोठा करता येत नाही आणि थांबवताही येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. म्हणून मध्ये क्षणभर एक बोट उचलून टाकावे लागते. त्या कणस्वराने दोन स्वर वेगळे होतात. बॅगपाइपचे सगळे अलंकार या गरजेतून वाढले. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना एक बोट उठायला आणि दुसरे बसायला तिळभर मागेपुढे झाले, की मध्येच तिसराच स्वर ओरडतो. गाणारा श्वास घेऊन, ढोलकीवाला थाप गाळून सांभाळून घेऊ शकतो. पायपरला ती सोय नाही.

त्यामुळे शिकणारा आरंभी पिशवीला हात लावत नाही. त्याला तोंडाने फुंकायचा, हलक्या आवाजाचा सरावाचा चँटर दिला जातो. साधारण वर्षभर तो त्यावरच असतो. बोटे वाकवायची नाहीत. ती सरळ ठेवून टोकाने नव्हे, पेराने छिद्र झाकायचे. आधी नऊ स्वर वर-खाली, मग एका बोटाचे कण, मग दोन-तीन कणांचे गुच्छ, मग 'टॉरलुआ' आणि 'क्रुनलुआ' हे कठीण अलंकार, ज्यांत कित्येक बोटे निमिषात पण ठराविक क्रमाने उठतात. हे सारे आधी इतके संथ वाजवायचे की प्रत्येक बोट वेगळे ऐकू यावे. वेग नंतर. एखादी ओळ अडली तर पूर्ण चाल पुन्हापुन्हा वाजवून उपयोग नसतो. अडलेले दोन स्वर काढून तेवढेच घोटावे लागतात. चाल पाठ झाल्यावर पिशवी हातात येते, आणि तीही ड्रोनना बूच लावून. दाब स्थिर झाला की एकेक ड्रोन उघडायचा. ड्रोनचा सांधा वर-खाली सरकवून त्याचा सूर चँटरशी असा जुळवायचा की दोघांमधली थरथर नाहीशी व्हावी. नवशिक्याची चाल बिघडते तेव्हा पुष्कळदा दोष बोटांचा नसतो. दमलेला दंड पिशवी कमीजास्त दाबतो आणि सूर हलतो.

हे तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. यातली प्रत्येक पायरी सांगता येते, दाखवता येते आणि कोणालाही शिकवता येते. रक्ताचा संबंध कुठल्याच पायरीवर येत नाही.

मग वंशाचा दावा आला कुठून? हायलँडमध्ये जमातींचे सरदार होते आणि सरदाराच्या पदरी पायपर असे. त्याला सेवेच्या मोबदल्यात जमीन मिळे. स्काय बेटावर डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांचे पायपर मॅक्रिमन घराण्यातले. बोरेरेग या त्यांच्या गावी दुसरे सरदारही आपल्या पायपरांना शिकायला पाठवीत. १७७३ साली सॅम्युअल जॉन्सन त्या भागात फिरला. त्याच्या प्रवासवर्णनात मॅक्रिमनांच्या या विद्यालयाचा उल्लेख आहे, आणि ते तेव्हा मरणपंथाला लागले होते, असेही त्यावरून दिसते. तिथे 'पीबरॉख' शिकवीत. त्यात एक संथ मूळ चाल आणि तिच्यावर चढत जाणारे, अधिकाधिक अलंकारांचे फेरे असतात. हे शिक्षण तोंडी होते. ढोलकीचे जसे बोल, तसे पायपरचे बोल असतात. त्यांना 'कॅन्टरख' म्हणतात. गुरू चाल बोलांत गाऊन दाखवी आणि शिष्य ती बोटांत उतरवी. नेदर लॉर्नच्या कॉलिन कॅम्पबेलने १७९७ च्या सुमारास अशा बोलांची हस्तलिखिते तयार केली. त्यावरून ही पद्धत किती नेटकी होती ते कळते.

म्हणजे घराण्यात विद्या टिकली ती वर्षानुवर्षांच्या शिकवणीमुळे, नेमलेल्या वेळेमुळे आणि पोटाची चिंता नसल्यामुळे. पण लोककथा काय सांगते? मॅक्रिमनला परीने चांदीचा चँटर दिला, म्हणून त्याची बोटे अशी चालली! शिकण्याचे श्रम पुसून टाकायचे आणि तिथे दैवी देणगी बसवायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

या सरदारी व्यवस्थेला १७४६ नंतर धक्का बसला. कलोडनच्या लढाईत बंडखोर हायलँडर हरले. सरदारांचे वंशपरंपरागत अधिकार कायद्याने गेले आणि ते हळूहळू खंड वसूल करणारे जमीनदार बनले. जमीनदाराला पायपर परवडेना. मॅक्रिमनांनी बोरेरेगची जमीन १७७० च्या सुमारास सोडली. सरकारने बॅगपाइपवर बंदी घातली म्हणून कला बुडाली, असे अनेक पुस्तकांत सांगितले जाते. पण १७४६ च्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्यात बॅगपाइपचे नावही नाही. जेम्स रीड या पायपरला त्याच वर्षी यॉर्क येथे फाशी झाली आणि पाइप हे युद्धाचे साधन ठरवले गेले, हे खरे. मात्र तो बंडात सामील झाल्याचा खटला होता. बंदीची कथा सरदारांना सोयीची आहे. पायपरची जमीन कोणी काढून घेतली, हा प्रश्न तिच्यामुळे विचारला जात नाही.

आपल्याकडचे वतन आणि ही जमीन यांत एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. मॅक्रिमनला जमिनीबरोबर मान होता, आणि जमीन सुटली तेव्हा तो दुसरे काही करायला मोकळा होता. महारवतनाने जमिनीच्या तुकड्यात माणूस बांधला आणि मान मात्र दिला नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. एकाचे वतन गेले तेव्हा कला पोरकी झाली. दुसऱ्याचे गेले तेव्हा माणूस सुटला.

सरदारांचा आश्रय सुटल्यावर विद्या वाचली ती लिहून ठेवल्यामुळे. यातला पहिला मोठा प्रयत्न हिंदुस्थानच्या वाटेवर झाला. जोसेफ मॅकडोनल्ड हा सदरलँडच्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी १७६० च्या सुमारास निघालेल्या या तरुणाने हायलँड बॅगपाइपचे स्वर, बोटांच्या चाली आणि अलंकार यांचे शास्त्र लिहून काढले. १७६३ साली, पंचविशीही ओलांडली नव्हती तेव्हा, तो बंगालमध्ये वारला. हस्तलिखित मागाहून तिथेच सापडले आणि भावाने ते १८०३ साली छापले.

दुसरी गोष्ट रासे बेटावरच्या जॉन मॅकेची. हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला पोरका मुलगा, गुरे राखणारा. घरातला धनी दुसऱ्या एका मुलाला पाइप शिकवीत असे. ते ऐकून हा रानात स्वतःच घोटत राहिला, असे सांगतात. धन्याने ते ऐकले आणि त्याला शिकवायला घेतले. एकलव्याची आठवण होते, पण इथे अंगठा मागितला गेला नाही. तो मुलगा आपल्या काळातला मोठा पायपर झाला. त्याचाच मुलगा अँगस मॅके याने १८३८ साली पीबरॉखचा संग्रह पाश्चात्त्य स्वरलिपीत प्रसिद्ध केला. पुढे पिढ्यान् पिढ्या पायपर त्या संग्रहावर शिकले. पिढ्यांचा दावा मोडायला एक गुराखी आणि एक पुस्तक पुरले.

पण पुस्तक आले म्हणून दार सताड उघडले, असे नाही. लंडनच्या हायलँड सोसायटीने १७८१ साली फॉल्कर्क येथे पायपरांची स्पर्धा भरवली. बक्षिसांमुळे कला जगली, हे नाकारता येणार नाही. मात्र परीक्षकाच्या खुर्चीवर बसले ते मुख्यतः जमीनदार आणि प्रतिष्ठित गृहस्थ. वाजवणारे होते नोकर, शिपाई, शिकारखान्यावरचे रखवालदार. १९०३ साली स्थापन झालेल्या पीबरॉख सोसायटीने चालींचे प्रमाणपाठ छापले, आणि पदक हवे तर तसेच वाजवणे भाग पडले. तोंडी परंपरेत एकाच चालीची अनेक रूपे होती. कागदावर आली ती एकच, आणि तीच शुद्ध ठरली. विल्यम डोनाल्डसन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा सत्तेचा व्यवहार उघड केला आहे. विद्या ज्यांच्या बोटांत होती, ती बरोबर की चूक हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. प्रमाणभाषेच्या नावाखाली आमच्या बोलीला अशुद्ध म्हणणारी व्यवस्था ज्यांनी वर्गात सोसली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या दारांबाहेर आणखी माणसे होती. स्कॉटलंडमधले 'ट्रॅव्हलर' म्हणजे भटके लोक. कथील-पत्र्याची कामे, शेतावरची हंगामी मजुरी करीत फिरणारे. स्थायिक समाज त्यांना तुच्छ लेखी. त्यांच्यात उत्तम पायपर होते. १९५१ साली एडिंबरा विद्यापीठात स्कॉटिश अध्ययनाचे केंद्र सुरू झाले. तिथले हॅमिश हेंडरसन ब्लेअरगौरीच्या स्टुअर्ट कुटुंबाकडे, फळांच्या मळ्यात राबणाऱ्या भटक्यांच्या राहुट्यांत, ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेले. ज्यांना गाव थारा देत नव्हते, त्यांच्याकडे गाण्यांचे, कथांचे आणि पाइपच्या चालींचे भांडार निघाले. स्त्रियांची गोष्ट याहून निराळी नाही. ओबान आणि इनव्हर्नेसच्या सर्वोच्च स्पर्धांत त्यांना १९७० च्या दशकापर्यंत प्रवेश नव्हता. त्यांची बोटे कमी पडत होती म्हणून हे घडले नाही. प्रवेशाचा नियम पुरुषांनी केला होता.

दार खऱ्या अर्थाने रुंद झाले ते विसाव्या शतकात. लॅनार्कशरमधल्या शॉट्ससारख्या खाणकामगारांच्या गावांत पाइप बँड उभे राहिले आणि दिवसभर राबणारी माणसे संध्याकाळी मुलांना शिकवू लागली. १९४४ साली ग्लासगोत शेमस मॅकनील आणि टॉमस पिअर्स्टन यांनी 'कॉलेज ऑफ पायपिंग' काढले. १९५३ साली तिथून निघालेल्या प्राथमिक पुस्तकाने जगभर हजारोंना पहिला स्वर शिकवला. सरावाचा चँटर, एक पुस्तक, एक शिक्षक आणि रोजचा तास. मॅक्रिमनांच्या घरात जे जन्माने मिळते असे सांगितले जाई, ते आता येणाऱ्या कोणालाही मिळू लागले.

हेच वाद्य पलटणींबरोबर आपल्या देशात आले. गढवाल-कुमाऊँत त्याला मशकबीन म्हणतात. तिथे ते लग्नाच्या वरातीत वाजते, आणि ढोल-दमाऊंप्रमाणे ते वाजवणारेही बहुतेक अनुसूचित जातींतले कलावंत असतात. तीच पिशवी, तेच नऊ स्वर. ओबानला ते वाजवणाऱ्याच्या छातीवर सुवर्णपदक लागते. इथे वाजवणाऱ्याला आधी जात विचारली जाते. वाद्याला जात नसते, ती वादकाला चिकटवली जाते. याहून उघड पुरावा दुसरा कोणता हवा?

माझ्या वडीलधाऱ्यांनी हलगी उतरवली ते योग्यच केले, असे मी मानतो. हुकमाने वाजवायचे वाद्य टाकल्याशिवाय माणूस म्हणून ताठ उभे राहता येत नव्हते. पण ती हुकमाची हलगी होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी तमाशाचाच बाज विचाराच्या कामाला लावला, तेव्हा तो स्वतःच्या इच्छेने लावला होता. हा भेद सांभाळून आता पुढचे काम करायला हवे. जे जुने वादक हयात आहेत त्यांचे बोल, हात आणि चाली त्यांच्याच तोंडून नोंदवल्या पाहिजेत. त्या नोंदींत एकच प्रमाण रूप न ठेवता गावोगावचे भेद ठेवले पाहिजेत. शिकवणी कोणत्याही जातीच्या मुलामुलींना खुली हवी, आणि परीक्षकाच्या खुर्चीवर ज्यांनी आयुष्यभर वाजवले तेच बसले पाहिजेत. आमच्या मुलाने हलगी शिकावी की भौतिकशास्त्र, हे तो ठरवील. त्याच्या रक्तात काय आहे, हे गावाने त्याला सांगण्याचे दिवस संपले पाहिजेत. मात्र त्याने हलगी निवडली, तर त्याला पहिल्या थापेपासून नीट शिकवणारी शाळा आणि अचूक पुस्तक आपल्याकडे तयार असले पाहिजे. आज ते नाही. ज्यांच्या हाती खडू आला आहे अशा आमच्यासारख्या शिक्षकांनी ते काम अंगावर घ्यावे.