उष्णता जाते कुठे?

कवीला बोलायला बोलावले की पाऊस, मोगरा किंवा आई यांच्यावर काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. माझा आजचा विषय आहे पंखा. संगणकाच्या पोटात, प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला पंखा. मी बी.ए. झालेला माणूस, तेही मराठी घेऊन. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण एका मे महिन्यात या पंख्याने आमच्या घरातल्या तीन पिढ्या एका टेबलाशी आणल्या, आणि त्यातून आमच्या या पिंपरी-चिंचवड परिसराचा एक छोटासा इतिहास माझ्या हाती लागला. तो सांगावासा वाटतो.

माझा भाचा भोसरीत साचे डिझाइन करतो. दोन खोल्या, वर पत्रा. पुढच्या खोलीत संगणक, मागच्या खोलीत एक जुने व्हीएमसी मशीन आणि ते चालवणारा एक मुलगा. भाच्याने संगणकाचा प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायला ठेवला होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. साच्यावर कटर कोणत्या वाटेने फिरेल याचा हिशेब संगणक करतो, आणि वेग वाढला की तो हिशेब लवकर होतो. पण मे महिन्यात दुपारी दोनच्या पुढे संगणक आपोआप बंद पडू लागला. एका कामाला चार दिवस उशीर झाला आणि बिलातून पैसे कापले गेले. तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, मोठा कूलर घ्यायचाय. तापकीर गल्लीत माझ्यासोबत चला. एकटा गेलो की मी महागातलं महाग घेऊन येतो."

निघण्याआधी आमचे अब्बा म्हणाले, "आधी मला यंत्र दाखव."

अब्बांनी उमेदीची सगळी वर्षे आकुर्डीला बजाज ऑटोत इंजिनाच्या विभागात काढली. बजाजने १९६०च्या सुमारास इटलीच्या पियाजिओच्या परवान्याने व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१मध्ये संपला आणि १९७२मध्ये चेतक आली. हा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. पण चेतकच्या इंजिनाची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मोटारसायकलचे इंजिन उघडे असते. गाडी धावली की समोरचा वारा त्याच्या फिन्सवरून, म्हणजे त्या धातूच्या पातळ पात्यांवरून, वाहतो आणि इंजिन थंड राहते. स्कूटरचे इंजिन बाजूच्या पत्र्याच्या आड झाकलेले. तिथे वारा पोचणार कसा? म्हणून त्याच्या फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती ओतलेली असत. इंजिन फिरले की पंखा फिरे. आणि त्या पंख्याचा वारा इकडेतिकडे पांगू नये म्हणून सिलिंडरवर पत्र्याचे आवरण असे, त्याला काउल म्हणत. काउल वारा बरोबर पात्यांमधूनच नेई. अब्बा सांगत, "पंखा चांगला, पाती चांगली, पण काउल फुटली की इंजिन जाम. लोक पंख्याला शिव्या द्यायचे."

भाच्याच्या संगणकापुढे अब्बा उभे राहिले. धुळीपासून वाचवण्यासाठी भाच्याने तो प्लायवुडच्या कपाटात ठेवला होता. पुढे दार, मागे भिंत. अब्बांनी हात आत घातला आणि लगेच काढला. शॉपमधला थर्मामीटर आणून लावला. खोलीत ३९ अंश, कपाटात ५१ अंश. अब्बा म्हणाले, "तुझं यंत्र स्वतःचाच श्वास परत घेतंय."

आता थोडे चिपच्या इतिहासाकडे वळू. सुरुवातीच्या घरगुती संगणकांतल्या चिपांना पंखा लागत नसे. १९९३मध्ये इंटेलचा पहिला पेंटियम आला, तो सुमारे १५ वॅट उष्णता टाकी. आपल्या देवघरातल्या किंवा जिन्यातल्या लहान बल्बएवढी. पण ती नखाएवढ्या जागेतून बाहेर पडायची, म्हणून डोक्यावर ॲल्युमिनियमची पाती आणि इवलासा पंखा आला. १९९८मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर निघाला. तो ३०० मेगाहर्ट्झचा, पण मदरबोर्डवरची बसगती ६६ची १०० केली की ४५०ने पळायचा. दीडपट वेग, जवळजवळ फुकट! जगभरच्या तरुणांना ओव्हरक्लॉकिंगचे वेड लागले, त्यात या चिपचा वाटा मोठा आहे.

पण वेग फुकट नसतो. चिपची उष्णता वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर उष्णता किती वाढेल? १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. दहा टक्के कामासाठी तेहतीस टक्के जास्त आच. कारखान्यांनाही हा हिशेब चुकला. २००४च्या पेंटियम ४ने ११५ वॅटपर्यंत मजल मारली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने त्याचा आणखी वेगवान वारसदार रद्द केला. यापुढे एकाच चिपला पळवत नेण्यापेक्षा दोन-चार गाभ्यांत काम वाटणे शहाणपणाचे, हे उद्योगाने मान्य केले.

हे शहाणपण पुण्याला आधीच परिचयाचे होते. १९७६चा क्रे-१ महासंगणक थंड ठेवायला फ्रिऑन वायूची यंत्रणा लागे. १९८५चा क्रे-२ तर विजेला न वाहणाऱ्या द्रवात बुडवूनच ठेवत. भारताला हवामानाच्या कामासाठी हवा होता तेवढा शक्तिशाली क्रे अमेरिकेने दिला नाही. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात एकच भीमकाय प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक लहान चिपा एकत्र जोडून त्यांच्यात काम वाटले होते. काम वाटले की उष्णताही वाटली जाते. मात्र गरज वाढत गेली. २०१९मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसवलेल्या परम ब्रह्मला पुन्हा पाण्याने थंड करावे लागते.

पण भाच्याला पाण्याचा कूलर नको होता आणि मला ते पटले. पाण्याच्या कूलरमधला पंप बिघडला तर पटकन कळत नाही. पंखा बिघडला की आधी खरखर ऐकू येते, आणि १२० मिलिमीटरचा पंखा कुठेही मिळतो.

हवेचा मोठा कूलर कसा चालतो, तेही समजून घेण्यासारखे आहे. प्रोसेसरला टेकलेल्या तळातून तांब्याच्या चार-सहा नळ्या वर जातात आणि पातळ पात्यांच्या थप्पीत शिरतात. या नळ्या पोकळ असतात. आत थोडेसे पाणी, बाकी हवा काढून घेतलेली. हवेचा दाब नसल्याने पाणी कमी उष्णतेलाच उकळते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली परतते. माठ ज्या तत्त्वाने पाणी थंड करतो तेच हे तत्त्व. फक्त माठातले पाणी उडून जाते, इथले परत येते. या नळीला आजचे रूप अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३मध्ये दिले, तेही अंतराळयानांसाठी. चाळीसेक वर्षांत ती आपल्या टेबलाखाली आली.

मात्र कितीही पैसे मोजा, हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक कमी करतो. हिशेबासाठी धरू की एखादा कूलर दर वॅटमागे ०.२ अंश फरक ठेवतो. २०० वॅटची चिप खोलीपेक्षा ४० अंशांनी गरम राहील. खोली २५ अंशांची असेल तर ६५. भोसरीत मे महिन्यात ३९ असेल तर ७९. आणि कपाटात ५१ असेल तर ९१. आजचे बरेच प्रोसेसर १००च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात किंवा बंद पडतात. म्हणजे कपाटाचे दार उघडणे हे बारा अंशांचे काम होते, आणि त्याला एक पैसाही लागणार नव्हता. अब्बांनी कोणतेही सूत्र न मांडता ते सांगितले होते.

मग आम्ही तापकीर गल्लीत गेलो. भाच्याचे मन दोन मनोऱ्यांच्या आणि दोन पंख्यांच्या एका कूलरवर बसले होते. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा एनएच-डी१५. २०१४पासून हवेच्या कूलरांत त्याचे नाव मोठे. पण त्याची उंची १६५ मिलिमीटर, आणि भाच्याच्या कॅबिनेटमध्ये जागा १६०पर्यंतच. वजन पंख्यांसह १३२० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोहून जास्त. भाचा संगणक टेम्पोत घालून चाकणला गिऱ्हाइकाकडे नेतो. तळेगाव-चाकण रस्त्याच्या खड्ड्यांत उभ्या मदरबोर्डला सव्वा किलोचे लोढणे लटकवून न्यायचे? शिवाय पुढचा पंखा मेमरीच्या पट्ट्यांवर येतो, तिथली उंचीही मोजावी लागते. अखेर आम्ही एका मनोऱ्याचा, सहा नळ्यांचा, १५५ मिलिमीटर उंचीचा कूलर घेतला. त्याचा पंखा सुटा काढून धूळ झाडता येते. आमच्याकडे धातूची भुकटी आणि तेलाचा अंश मिसळलेली धूळ पात्यांत थरासारखी बसते, म्हणून दर गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ब्रश मारायचा असे ठरले.

शिवाय भाच्याने व्होल्टेज उतरवले. वेग चार टक्के कमी झाला. त्याला हे जड गेले. पण जास्त व्होल्टेजने चिपची झीज होते, हे आता लपलेले नाही. २०२४मध्ये इंटेलनेच आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांच्या अस्थिरतेमागे वाढीव व्होल्टेज असल्याचे जाहीर केले होते. चार टक्के हळू चालणारा संगणक दुपारी बंद पडणाऱ्या संगणकापेक्षा पुढेच असतो. त्यानंतर मे संपेपर्यंत तो एकदाही बंद पडला नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. कूलर बसवून झाल्यावर भाचा हात मागे धरून गरम हवा बाहेर येते का ते पाहत होता. तो खूश होता. अब्बांनी विचारले, "ही हवा जाते कुठे?"

"खोलीत, नाना."

"आणि खोलीतून?"

भाचा काही बोलला नाही. मागच्या खोलीतून मशीनवरचा मुलगा रुमालाने मान पुसत पाणी प्यायला आला. तेव्हा कळले की ज्या आठवड्यात संगणक तीनदा बंद पडला, त्याच आठवड्यात या मुलालाही एकदा चक्कर आली होती. संगणक बंद पडल्याच्या तारखा आणि वेळा भाच्याने वहीत लिहून ठेवल्या होत्या. मुलाच्या चकरेची नोंद नव्हती.

स्वस्थ बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. काम करणारा त्याहून जास्त. म्हणजे आपण सगळे त्या पेंटियम ४च्याच वजनगटातले. आपली कातडी सुमारे ३५ अंशांची. हवा त्याहून गरम झाली की उष्णता हवेत टाकायची वाट बंद होते आणि फक्त घाम उरतो. घाम वाळायला वाहती हवा लागते. पत्र्याखाली ३९ अंशांत, वारा नसलेल्या खोलीत, माणसाच्या अंगात कोणती तांब्याची नळी बसवणार?

पुढच्या गुरुवारी भिंतीला भोक पाडून मोठा एक्झॉस्ट बसवला आणि समोरच्या बाजूला जाळीची खिडकी केली. खर्च कूलरपेक्षा कमी आला. दुपारी दोन ते चार मशीनवर सलग उभे राहायचे नाही, हेही ठरले. भाच्याने ते त्याच वहीत लिहिले.

आकुर्डीच्या कारखान्यातले उत्पादन २००७मध्ये थांबले. आमच्या गल्लीतल्या कित्येक घरांतला भोंग्यावरचा दिवस त्या वर्षी संपला. चेतक विजेवरची होऊन २०२०मध्ये चाकणहून बाजारात आली, आणि २०२२पासून आकुर्डीतही बनू लागली. तिच्या इंजिनावर काउल नाही, कारण तिला ते इंजिनच नाही. पण तिच्याही बॅटरीला आणि मोटरला आपली उष्णता कुठेतरी टाकावीच लागते. यंत्रे बदलतात, हा प्रश्न बदलत नाही.

अब्बा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. कधी भाच्याच्या युनिटवर गेले की आधी संगणकाकडे जात नाहीत. मागच्या खोलीत जातात, एक्झॉस्टपुढे हात धरतात, वारा लागतो का पाहतात, आणि मग त्या मुलाला विचारतात, "बाळा, बरं वाटतंय ना?"