कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता: एका आकड्याच्या विश्वसनीयतेचा इतिहास

व्यायाम करताना हृदय आणि फुप्फुसे किती काम करू शकतात, हे आज एका आकड्यात सांगितले जाते: मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन शरीर वापरते. खेळाडूची तयारी, मोठ्या शस्त्रक्रियेचा धोका, हृदयरोग्याची सुधारणा, सगळीकडे हा आकडा लागतो. पण तीच चाचणी त्याच माणसावर पुन्हा घेतली तर तोच आकडा येतो का? विश्वसनीयतेचा प्रश्न तो हाच, आणि तो बराच उशिरा नीट विचारला गेला.

सुरुवात एका पिशवीपासून होते. १९११ मध्ये ऑक्सफर्डच्या सी. जी. डग्लस यांनी पाठीवर बांधता येईल अशी हवाबंद पिशवी वापरात आणली. उच्छ्वासाची हवा तिच्यात साठवायची, मग तिचे आकारमान मोजायचे आणि हाल्डेनच्या उपकरणात तिचे पृथक्करण करायचे. ए. व्ही. हिल हे स्वतः धावपटू. १९२३ मध्ये त्यांनी व हार्टली लप्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या कामात हिल हेच प्रयोगाचा विषय होते. पाठीवर पिशवी घेऊन ते गवतावर धावले. एका मर्यादेनंतर वेग वाढवूनही ऑक्सिजनचे ग्रहण मिनिटाला सुमारे ४ लिटरच्या पुढे जाईना. ‘कमाल’ ही कल्पना इथून आली, आणि तिचा पाया मोजक्याच धावकांवर उभा होता, हे विसरू नये.

या मोजणीतील नाजूक जागा समजून घेऊ. श्वासात घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के. सोडलेल्या हवेत तो समजा १७ टक्के. फरक जेमतेम ४ टक्क्यांचा. मिनिटाला १०० लिटर हवा धरली तर ग्रहण ४ लिटर. आता पृथक्करणात नुसती ०.१ टक्क्याची चूक झाली, तरी उत्तर १०० मिलिलिटरने, म्हणजे अडीच टक्क्यांनी चुकते. पिशवी किंचित गळकी असली तर वेगळेच.

मिनेसोटात टेलर, बस्कर्क व हेन्शेल यांनी १९५५ मध्ये नियम बांधला: धावपट्ट्याचा चढ २.५ टक्क्यांनी वाढवल्यावर ग्रहण मिनिटाला १५० मिलिलिटरपेक्षा कमी वाढले, तर कमाल गाठली असे समजावे. चढाच्या प्रत्येक टप्प्याला सरासरी वाढ सुमारे ३०० मिलिलिटर होती. त्याचा अर्धा भाग त्यांनी घेतला. पुढे अनेक प्रयोगशाळांनी हा १५० चा आकडा उचलला, पण त्यामागची चढाची व वेगाची अट मात्र सोडून दिली. सायकलवरच्या चाचणीलाही तोच नियम लावणे हा माझ्या मते निव्वळ आळस होता.

पुनर्चाचणीचा पुरावा त्या काळी बहुधा सहसंबंध गुणांकाने देत. १९८६ मध्ये ब्लँड व आल्टमन यांनी वैद्यकीय मोजमापांबाबत दाखवले की सहसंबंध म्हणजे एकमत नव्हे. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचा आकडा २०० मिलिलिटरने वाढला, तरी गुणांक १ च राहील!

त्याआधी १९८२ मध्ये कॅच, सेडी व फ्रीडसन यांनी साधा पण कष्टाचा मार्ग धरला होता. पाच जणांची चाचणी दोन ते चार आठवड्यांत पुन्हा पुन्हा घेतली. एकाच व्यक्तीचे आकडे सरासरी ±५.६ टक्के हलत होते, आणि या हालचालीत यंत्राचा वाटा एक दशांशाहून कमी होता. बाकीची शरीराची स्वतःची! म्हणजे यंत्र कितीही महाग आणले तरी हा भाग जाणार नाही.

याचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. एका चाचणीचे प्रमाण विचलन ५.६ टक्के, तर दोन चाचण्यांतील फरकाचे ते १.४१ पट, सुमारे ८ टक्के. तेव्हा तीन महिन्यांच्या व्यायामानंतर एखाद्या रुग्णाचा आकडा १० टक्क्यांनी वाढला, तर ती सुधारणा असेल किंवा नसेलही. एकाच पुनर्चाचणीवरून डॉक्टरला ते ठरवता येत नाही. वीस रुग्णांच्या सरासरीत मात्र तोच १० टक्क्यांचा फरक बराच बोलका ठरतो.