घोड्याचा घसा आणि बांबूचे नळकांडे

1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवलेला चाकणचा संग्रामदुर्ग इतिहासग्रंथांत अढळ स्थान मिळवून आहे. परंतु ज्या घोड्यांवर त्या काळच्या फौजांची हालचाल अवलंबून होती, त्यांना औषध कसे दिले जाई, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही, आणि ही उणीव खेदजनक आहे.

पागेत, म्हणजे घोडदळाच्या तबेल्यात, रोजची निगा मोतद्दाराकडे असे आणि आजारपण सालोत्र्याकडे, म्हणजे शालिहोत्राच्या परंपरेतील अश्ववैद्याकडे जाई. काढा पाजण्यासाठी बांबूचे नळकांडे वापरीत. त्याचे एक पेर बंद ठेवून दुसरे तोंड तिरके कापलेले व कडा घासून गुळगुळीत केलेल्या असत. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात जी मोकळी जागा असते, तेथून ते आत सरकवून, मान बेताची उंचावून, घोटाघोटाने औषध सोडावे लागे. घोडा केवळ नाकानेच श्वास घेतो व त्याला ओकारी होत नाही. त्यामुळे ठसका लागताच मान सोडली नाही तर काढा फुप्फुसात उतरे, आणि पोटात गेलेली चुकीची मात्रा परत काढण्याचा मार्ग उरत नसे. खरे कौशल्य नळकांड्यात नव्हते, ते धरणाऱ्या हातात होते.

कडू चूर्ण गुळात व पिठात मळून त्याचा गोळा करीत आणि जीभ बाजूला ओढून तो तिच्या मुळाशी ठेवीत. यात बोटे दाढांखाली सापडण्याचे भय असे. त्याहून निर्धोक साधन म्हणजे तोबरा, तोंडाला अडकवायची खाद्याची पिशवी, जिच्यातील चंदीत, अर्थात भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या दाण्यात, औषधी मसाला मिसळला जाई. मात्र खाणेच सोडलेल्या घोड्याला तिचा उपयोग नसे.

1886 साली मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले आणि 1889 साली पुण्यात सुरू झालेल्या जीवाणू प्रयोगशाळेत आल्फ्रेड लिंगार्ड यांनी घोड्यांच्या सर्रा या रक्तातील परजीवीच्या रोगावर संशोधन केले. पुढे पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन पेनिसिलिन देशातच बनू लागले. घोड्याला हे औषध सुईनेच देतात, कारण तोंडावाटे गेलेले प्रतिजैविक त्याच्या आतड्यातील पचनास आवश्यक जीवाणूच मारू शकते. आणि पातळ औषध मोठ्या प्रमाणात द्यायचे झाल्यास पशुवैद्य आता नाकातून थेट जठरापर्यंत नळी घालतात.